पुढे झुकतोय असं वाटतं, पण बसतो मागेच! स्कीवर तोल नक्की कुठे ठेवायचा?

तिसरा_हंगाम

नमस्कार मंडळी,

स्कीइंगचा माझा हा तिसरा हंगाम. सगळे मिळून एकवीस दिवस बर्फावर गेलेत. सोप्या, यंत्राने दाबून सपाट केलेल्या उतारावर समांतर वळणं जमतात, तिथे मजाही येते. पण उतार जरा तीव्र झाला की सगळं बिघडतं. स्की माझ्या आधी खाली पळतात आणि मी मागून ओढला जातो.

गेल्या आठवड्यात बरोबरच्या एकाने माझा चाळीस सेकंदांचा व्हिडिओ काढला. उतारावर असताना मी पुढे झुकलोय याची मला पक्की खात्री होती. व्हिडिओत छाती खरंच पुढे आहे, पण कंबर पार टाचांच्या मागे आणि दोन्ही हात मांड्यांजवळ लोंबताहेत. ते बघून मनाला लागलं, कारण मी त्या दिवशी फक्त 'पुढे, पुढे' एवढंच घोकत होतो.

बाकीची लक्षणं सांगतो:

मांड्या पेटतात. अर्ध्या उतारावरच थांबावं लागतं. माझ्यापेक्षा वीस वर्षांनी मोठी माणसं न थांबता खाली जातात, तेव्हा हा नुसता ताकदीचा प्रश्न नसावा.

संध्याकाळी बूट काढले की पायांचे अंगठे ठणकतात. उजव्या अंगठ्याचं नख आता काळंनिळं झालंय.

डावीकडचं वळण बरं येतं. उजवीकडे वळताना मात्र बाहेरची, म्हणजे डावी स्की मागून घसरत जाते आणि माझा भार नकळत आतल्या पायावर येतो. दोनदा तसाच आतल्या बाजूला पडलो.

सल्ले भरपूर मिळाले. 'गुडघे वाकव', 'पुढे झुक', 'नडगी बुटावर दाब', 'हात वर'. प्रत्येक सल्ला पाच मिनिटं पाळतो आणि पुन्हा जैसे थे. यातलं आधी काय करायचं? तोल म्हणजे नेमकं कुठे काय जाणवायला हवं? बूट माझे स्वतःचे आहेत, २८.५ मापाचे, अगदी आरामदायक. तेव्हा तिकडे काही अडचण नसावी.

---

कडेकडेने

तुमचं वाचून माझे सुरुवातीचे दिवस आठवले. मांड्या पेटत असतील तर हंगामाआधी तयारी हवी. भिंतीला पाठ लावून बैठक, एका पायावरच्या बैठका, पोटाचे व्यायाम. आणि गुडघे अजून वाकवा. खाली बसलं की गुरुत्वमध्य खाली जातो, तोल आपोआप सुधारतो. मला याचा फायदा झाला.

---

घोट्यापासून

कडेकडेने, व्यायामाबद्दल पूर्ण सहमत. पण 'गुडघे अजून वाकवा' हा सल्ला या धाग्यावर तरी नको, अशी माझी कळकळीची विनंती. याच एका वाक्याने माझे तीन हंगाम वाया गेले. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

मी स्कीइंग शिकले ती एकोणचाळिसाव्या वर्षी. आता अकरा हंगाम झालेत. पहिले तीन हंगाम मी अगदी तुमच्यासारखीच उतरत होते. छाती पुढे, कंबर मागे, मांड्यांना आग. शिकवणारे मागून ओरडायचे, गुडघे वाकवा, आणि मी आज्ञाधारकपणे आणखी खाली बसायचे.

आता घरातच एक गोष्ट करून बघा. आरशासमोर बाजू करून उभे राहा, पायात फक्त मोजे. घोटा जराही न हलवता, नडगी ताठ उभी ठेवून गुडघे वाकवा. कंबर मागे जाईल, त्याला दुसरी वाटच नाही. मागे पडायचं नसेल तर शरीर काय करतं? छाती पुढे टाकतं. तुमच्या व्हिडिओतली आकृती हीच. छाती पुढे आली ती तुम्ही पुढे झुकलात म्हणून नव्हे, तर मागे गेलेल्या कमरेला भरपाई म्हणून. आता दुसऱ्यांदा करा, पण आधी घोटा मोडा. नडगी पुढे कलू द्या, गुडघा पायाच्या बोटांवर येऊ द्या, मग गुडघा आणि खुबा आपणहून थोडेथोडे वाकतील. कंबर पायांच्या वरच राहील. मांड्यांवरचा ताण लगेच कमी झालेला कळेल, कारण आता हाडांवर हाडं रचून तुम्ही उभे आहात. पहिल्या स्थितीत तुमच्या मांड्या तुम्हाला अधांतरी धरून ठेवत होत्या.

म्हणून माझं म्हणणं एकच आहे. तोल घोट्यापासून सुरू होतो. घोटा मोकळा असेल तर गुडघा, कंबर, हात यांचं बरंचसं आपोआप मार्गी लागतं. घोटा अडकलेला असेल तर वरचं काहीही दुरुस्त करा, टिकत नाही. तुमचे सल्ले पाच मिनिटं टिकतात ते यामुळेच.

आता उताराकडे येऊ. सपाटीवर आपल्याला सरळ उभं राहणं म्हणजे झाडासारखं उभं राहणं एवढंच ठाऊक असतं. स्कीवर तसं चालत नाही. उतार १५ अंशांचा असेल आणि स्कीची टोकं सरळ खाली असताना तुम्ही आजूबाजूच्या झाडांसारखे ताठ उभे असाल, तर स्कीच्या दृष्टीने तुम्ही १५ अंश मागे रेललेले असता. शरीर जमिनीला नव्हे, उताराला काटकोनात हवं. हे कागदावर सोपं आहे. उतारावर मात्र आपला सगळा जीव म्हणत असतो की डोंगराला चिकटून राहा, खाली जाऊ नकोस. उतार तीव्र झाला की तुमचं बिघडतं ते याचमुळे. तंत्र तेच असतं, भीती तुम्हाला दोन इंच मागे खेचते आणि तेवढे दोन इंच पुरतात.

त्यात भर म्हणजे वळण सुरू होताना स्कीची टोकं खाली वळतात आणि त्या क्षणी स्की वेग घेतात. शरीर त्यांच्याबरोबर निघालं नाही तर मागे राहतं. त्यामुळे एकदा पुढे जाऊन तिथेच थांबणं असं काही नसतं. प्रत्येक वळणात नव्याने पुढे जावं लागतं, आणि तेही स्की पळायच्या आधी.

मला हे साधलं ते एका उलट्या युक्तीने. 'शरीर पुढे ने' असं मनाशी म्हटलं की मी कमरेत वाकायचे. मग एका शिक्षिकेने सांगितलं, शरीर सोड, पाय मागे ओढ. म्हणजे वळण संपता संपता दोन्ही पावलं आपल्या कमरेखाली मागे घ्यायची, जणू टाचा माकडहाडाखाली आणायच्या आहेत. सगळं धड पुढे नेण्यापेक्षा पावलं मागे घेणं कितीतरी पटकन होतं. ती सकाळ मला अजून लख्ख आठवते. रात्रीच्या थंडीने बर्फ कडक झाला होता. तोवर माझ्या स्कींचा आवाज म्हणजे खरवडल्यासारखा, मागून येणारा. त्या दिवशी चौथ्या-पाचव्या वळणाला पावलं मागे ओढली, दोन्ही नडग्या बुटाच्या जिभेवर हलक्या टेकल्या, आणि आवाज एकदम पुढून यायला लागला, स्कीच्या टोकाकडून, बारीक चिरत गेल्यासारखा. वळण करावं लागलं नाही, ते झालं. मी खाली जाऊन थांबले आणि मांड्या शांत होत्या.

नडगीबद्दल जाता जाता. दाबायची नाही, टेकवायची. घोटा मोडला की नडगी आपणहून बुटाच्या जिभेवर येते आणि तिथेच राहते, जसं शेजारी उभ्या असलेल्या माणसाचा खांदा लागत राहावा तशी. संपर्क सुटला किंवा पोटरीला मागून बूट टोचायला लागला, तर समजा मागे गेलात.

आता बुटांबद्दल. माफ करा, पण 'आरामदायक, तेव्हा अडचण नसावी' हे वाचून मी खुर्चीत सावरून बसले. स्कीचा बूट दुकानात आरामदायक वाटला तर बहुतेक वेळा तो मोठा असतो. काळं पडलेलं नख तेच सांगतंय. पाय आत पुढे सरकतोय, अंगठा बुटाच्या टोकावर आपटतोय. शिवाय मागे बसलेला माणूस नकळत बोटं वर उचलून बुटाच्या छताला अडकवतो, त्यानेही नख जातं.

हे घरी तपासता येतं. बुटाचं आतलं मऊ अस्तर, म्हणजे लायनर, पूर्ण बाहेर काढा. पातळ मोजा घालून रिकाम्या कवचात पाय घाला. बोटं पुढे हलकी टेकेपर्यंत पाय सरकवा. आता टाचेमागे किती जागा उरली ते बघा. साधारण दीड ते दोन सेंटिमीटर ठीक. शर्यतीतले लोक त्याहून कमी ठेवतात. तीन-चार सेंटिमीटर असेल तर तो बूट तुमचा नाही. मापाचा आकडा म्हणजे सेंटिमीटरमधली पावलाची लांबी, तेव्हा भिंतीला टाच लावून पाऊलही मोजा. आणि हे लक्षात घ्या की अर्ध्या मापाचा फरक सहसा फक्त लायनर आणि आतल्या तळव्यात असतो. २८ आणि २८.५ चं बाहेरचं कवच बहुधा एकच असतं.

माझं पाऊल २५.२ सेंटिमीटर. मला पहिल्यांदा जे बूट विकले गेले ते २७.५ चे होते. पाय मोजलाच नव्हता. मी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही. तीन हंगाम मी बकलं शेवटच्या खाचेपर्यंत ओढत राहिले. पाय बधिर व्हायचे, तरी आत टाच उचललीच जायची. टाच हलत असेल तर घोटा मोडून काही उपयोग नाही, कारण नडगी पुढे जाते आणि बूट जागेवरच राहतो. स्कीपर्यंत काही पोचतच नाही. माझं त्यावर खूप रडू झालंय, कारण मला वाटत होतं माझ्यातच काहीतरी कमी आहे. आता २५.५ चे आहेत. पहिले चार-पाच दिवस आवळल्यासारखे वाटले, मग लायनर पायाच्या आकाराला बसलं.

आता उजवीकडच्या वळणाबद्दल मला दोन गोष्टी विचारायच्या आहेत. डावा घोटा कधी मुरगळला होता का? आणि हे करून बघा. भिंतीकडे तोंड करून उभे राहा, टाच न उचलता गुडघा भिंतीला टेकवा. टेकला की पाऊल थोडं मागे घ्या, पुन्हा टेकवा. टाच न उचलता गुडघा टेकतो अशी शेवटची जागा कुठली, अंगठ्याचं टोक आणि भिंत यात किती अंतर, हे दोन्ही पायांचं मोजा. साधारण दहा सेंटिमीटर चांगलं. आकडे इथे टाका, मग पुढचं बोलू.

तोवर बर्फावर एकच गोष्ट. सोप्या उतारावर आडवे जा, दरीकडच्या पायावर उभे राहा आणि डोंगराकडच्या स्कीची शेपटी, म्हणजे मागचा भाग, उचला. टोक बर्फावरच राहिलं पाहिजे. पाचपर्यंत मोजा. शेपटी उचलता आली तर तुम्ही मधोमध आहात. टोक वर आलं तर मागे आहात. कोणाला विचारायची गरज नाही, स्कीच सांगते.

---

उतरणवाट

घोट्यापासून यांनी छान लिहिलंय. मी काही वर्षं नवशिक्यांना शिकवतो, त्यामुळे दोन गोष्टी जोडतो.

एक म्हणजे, याची दुसरी बाजूही बघितली आहे. 'मागे बसू नकोस' हे मनावर घेऊन काही जण पूर्ण वळणभर बुटाच्या जिभेवर लोंबत राहतात. मग टोकं जास्त चावतात आणि शेपट्या सुटतात. तोल एका बिंदूवर खिळलेला नसतो. वळणाच्या सुरुवातीला चवड्यावर, मध्यात पूर्ण तळव्याखाली, वळण संपताना जरा टाचेकडे, असा तो तळपायाखालून सरकत जातो आणि पुढच्या वळणाला पुन्हा चवड्यावर येतो. विद्यार्थ्यांना मी सांगतो की तळपायाकडे लक्ष द्या, तिथे काय चाललंय ते ऐका.

पायांतल्या अंतराबद्दल कोणी बोललं नाही म्हणून. जुन्या लांब, सरळ स्कींच्या काळात दोन्ही पाय एकमेकांना चिकटवून उतरणं देखणं मानलं जायचं. १९९० च्या दशकात मध्ये निमुळत्या, टोकांना रुंद स्की आल्या आणि त्या कडेवर कलवून वळवायच्या असल्याने पायांना मोकळीक लागायला लागली. आता दोन पावलांत साधारण खुब्यांच्या रुंदीएवढं अंतर पुरे. घाबरलेला माणूस ते फार वाढवतो. मग बाहेरच्या स्कीवर उभं राहताच येत नाही, भार दोन्हींवर वाटला जातो. 'तिसरा_हंगाम', व्हिडिओत हेही बघा.

दुसरी गोष्ट गंभीर आहे. मागे बसणं हा नुसता दिसण्याचा किंवा दमण्याचा प्रश्न नाही. अमेरिकेत व्हरमाँटमध्ये कार्ल एटलिंगर, रॉबर्ट जॉन्सन आणि जॅस्पर शीली यांनी वर्षानुवर्षं स्कीइंगमधल्या दुखापती अभ्यासल्या. गुडघा स्थिर ठेवणारा आतला पुढचा क्रूसबंध, म्हणजे एसीएल, तुटण्याचा एक ठरलेला प्रसंग त्यांनी मांडला. तोल मागे गेलेला, कंबर गुडघ्यांच्याही खाली, डोंगराकडचा हात मागे, डोंगराकडच्या स्कीवर भारच नाही, सगळा भार दरीकडच्या स्कीच्या शेपटीच्या आतल्या कडेवर आणि धड त्या स्कीकडे वळलेलं. या क्षणी स्कीची शेपटी एखाद्या तरफेसारखी गुडघा पिळते. बाइंडिंग, म्हणजे बूट स्कीला धरून ठेवणारी आणि पडताना सोडणारी यंत्रणा, इथे वाचवेलच असं नाही. ती मुख्यतः नडगीचं हाड मोडू नये म्हणून बनलेली असते. हे प्रसंग ओळखायला आणि टाळायला शिकवल्यावर स्की गस्तीवाल्यांत आणि शिक्षकांत गुडघ्याच्या गंभीर दुखापती ६२ टक्क्यांनी घटल्या, असं त्यांनी १९९५ मध्ये प्रसिद्ध केलं.

म्हणून माझ्या विद्यार्थ्यांना पहिल्या दिवशीच सांगतो. मागे जाताय असं वाटलं तर हात पुढे आणा, पाय जवळ घ्या, हात स्कींच्या वर ठेवा. तरीही पडलात तर पडा. घसरत असताना उठायचा प्रयत्न करू नका, थांबेपर्यंत वाट बघा. पडताना पाय ताठ सरळ करू नका. हे एवढं पाठच करा, कृपया.

---

कडेकडेने

घोट्यापासून, आरशासमोरचा प्रयोग आत्ताच करून आले. दोन्ही प्रकारे. माझं मत बदललं. मी 'खाली बसा' म्हणत होते त्याचा मला फायदा झाला, कारण माझे घोटे मुळात मोकळे आहेत, बसताना नडगी पुढे येतेच. सगळ्यांचं तसं नसतं हे ध्यानात आलं नव्हतं. व्यायामाचं म्हणणं मात्र कायम आहे! एका पायावर उभं राहून दात घासणं, हा माझा वर्षभराचा नेम.

---

तिसरा_हंगाम

सर्वांचे मनापासून आभार. एवढं कोणी लिहील असं वाटलं नव्हतं. आकडे देतो.

पाऊल: उजवं २६.४, डावं २६.२ सेंटिमीटर. लायनर काढून पाय घातला तेव्हा टाचेमागे जवळजवळ चार सेंटिमीटर जागा. दोनदा मोजलं, कारण पहिल्यांदा विश्वास बसला नाही.

भिंतीची चाचणी: उजवा पाय ११ सेंटिमीटर, डावा ६. डावा घोटा कॉलेजात असताना वाईट मुरगळला होता, महिनाभर लंगडत होतो. तो विषय संपला असं मी धरून चाललो होतो. त्याचा स्कीशी संबंध जोडायचं कधी सुचलंच नाही.

व्हिडिओ पुन्हा पाहिला. उतरणवाट, पाय खरंच फार फाकलेले आहेत. आणि उजवीकडे वळताना डावा खांदा वर जातोय, सगळं शरीर काठीसारखं आत कलतंय.

आता प्रश्न असा, की डावा घोटा इतकाच वाकणार असेल तर मी कायम असाच राहणार का? आणि नवे बूट येईपर्यंत काय करू? अजून तीन दिवस हातात आहेत.

---

घोट्यापासून

नाही, कायम अजिबात राहणार नाही. मला तर आकडे बघून बरं वाटलं, कारण आता कोडं उरलं नाही. उजवीकडे वळताना बाहेरचा पाय डावा. तो घोट्यात वाकत नाही, म्हणून त्या बाजूला तुम्ही जास्त मागे बसता, त्या स्कीच्या टोकावर भार येत नाही, ती मागून घसरते. घसरणाऱ्या पायावर कोणीच उभं राहत नाही. शरीर पळून आतल्या पायावर जातं. तुम्ही पडलात ते यामुळे.

स्कीच्या बुटात घोट्याला मुळातच पुढे कलून उभं राहावं लागतं, बऱ्याच बुटांत हा कल १२ ते १७ अंशांच्या आसपास असतो. ज्याचा घोटा तेवढा वाकतच नाही त्याची टाच आत उचलली जाते किंवा कंबर मागे जाते. यावर उपाय आहे. टाचेखाली काही मिलिमीटरची पाचर घालतात, म्हणजे घोट्याला तेवढं कमी वाकावं लागतं. पण ती स्वतः घालू नका. बूट बसवून देणारा जाणकार गाठा, त्याला हे दोन्ही आकडे सांगा आणि घोटा मुरगळल्याचंही सांगा. क्रमही लक्षात ठेवा. आधी योग्य मापाचं कवच, मग पावलाच्या कमानीला आधार देणारा तळवा, मग टाचेची पाचर, मग बुटाचा वरचा भाग नडगीच्या रेषेत आणणं आणि सगळ्यात शेवटी, गरज उरलीच तर, बुटाचा तळ अर्ध्या-एक अंशाने कलवणं. उलट क्रमाने कोणी सुरुवात करत असेल तर उठून या. बूट बदलले आणि त्यांच्या तळाची लांबी वेगळी निघाली, तर बाइंडिंग पुन्हा तपासून बसवून घ्यायलाच हवं, यात चालढकल नको. आणि घोट्यासाठी एकदा फिजिओथेरपिस्टकडे जा. इतक्या जुन्या दुखण्यातही थोडंफार मोकळं होऊ शकतं.

या तीन दिवसांसाठी योग्य मापाचे बूट भाड्याने घ्या. तुमचे घालूच नका. २६.५ मागा. घट्ट वाटतील. बोटं पुढे हलकी टेकतील, नडगी पुढे केली की जराशी सुटतील, तसंच हवं. बकलं लावायच्या आधी टाच मागे दोनदा आपटून बसवा, मग घोट्यावरचं बकल आधी, बाकीची नंतर.

पहिला दिवस फक्त सोप्या उतारावर घालवा. निम्मा दिवस वरची दोन बकलं आणि पट्टा मोकळा सोडून, अगदी हळू. आधार काढून घेतला की मागे रेलता येत नाही आणि पुढे लोंबताही येत नाही. पाय आपोआप मधली जागा शोधतात. वेग वाढवू नका आणि गर्दीत करू नका.

दुसऱ्या दिवशी उजवीकडचं वळण. डाव्या हातातली काठी बाहेरच्या बाजूला बर्फावर वळणभर ओढत न्या. काठी बर्फावर टेकवायची तर डावा खांदा खाली येणारच, शरीर काठीसारखं कलणं थांबेल आणि भार डाव्या पायावर जाईल. काठी बर्फावरून उचलली गेली की समजा, पुन्हा आत कललात. हे मला स्वतःला अजूनही प्रत्येक हंगामाच्या पहिल्या सकाळी करावं लागतं. आवडीने करते.

हात? हात पुढे ठेवायचं वेगळं मनात धरू नका. दोन्ही मुठी नजरेच्या कडेला दिसत राहिल्या की झालं.

तीव्र उतार तिसऱ्या दिवशी दुपारपर्यंत नाही. वचन द्या.

---

उतरणवाट

काठी ओढण्याला माझंही अनुमोदन. फक्त काठीवर भार टाकू नका, ती नुसती रेघ मारत जायला हवी. अजून एक, आडवं जाताना मध्येच छोट्या उड्या मारून बघा. दोन्ही स्की पूर्ण लांबीने एकदम सुटल्या आणि एकदम टेकल्या तर तोल जागेवर. शेपट्या चिकटून राहिल्या आणि फक्त टोकं उडाली तर मागे. घोटा सैल असल्याशिवाय उडी येतच नाही, म्हणून मला ती आवडते.

---

तिसरा_हंगाम

तीन दिवस झाले. आत्ताच बूट काढून लिहितोय.

२६.५ चे भाड्याने घेतले. पहिला तास असह्य, मग ठीक. सगळ्यात मोठा फरक असा, की तीन दिवसांत एकदाही शेवटच्या खाचेपर्यंत बकल ओढावं लागलं नाही. अंगठा दुखला नाही.

बकलं मोकळी सोडून उतरताना पहिल्या दोन वळणांत मागे गेलो आणि लगेच कळलं, कारण धरायला मागे काहीच नव्हतं. दुपारी एकदा डावीकडच्या वळणात तो आवाज आला. घोट्यापासून, तुम्ही लिहिलं नसतंत तर मी तो ऐकलाच नसता. टोकाकडून, बारीक. मी ओरडलोच.

डोंगराकडच्या स्कीची शेपटी उचलणं: उजव्या पायावर उभं राहून पाचपर्यंत सहज, शेवटच्या दिवशी आठपर्यंत. डाव्या पायावर दोन. तीनला टोक वर येतं नाही तर मी आत कोसळतो. काठी ओढून उजवीकडची वळणं सुधारली, पण काठी उचलली की खांदा पुन्हा वर. तीव्र उतारावर तिसऱ्या दिवशी दुपारी गेलो, वचन पाळलं. निम्मी वळणं माझी होती, निम्मी जुनी. मांड्या दुखल्या, पण थांबावं लागलं नाही.

जाणकाराची वेळ घेतली आहे, पुढच्या आठवड्यात. डाव्या पायाला दोनच्या पुढे नेण्यासाठी अजून काय करू?

---

घोट्यापासून

वाचून खूप आनंद झाला. आवाज एकदा आला ना, मग तो आता तुम्हाला ओळखीचा झाला.

डाव्या पायाचं: पाचर बसेपर्यंत दोनच राहू द्या. आकडा वाढवायला गेलात तर कंबर कुठेतरी चोरून मागे जाईल आणि तीच सवय पक्की होईल. त्याऐवजी आडवं घसरणं करा. उतारावर आडवे उभे राहा, डावी स्की दरीकडे, आणि दोन्ही कडा हळूहळू सोडून सरळ खाली घसरा, मग पुन्हा धरा. घसरताना टोकं खाली झुकायला लागली तर भार पुढे गेलाय, शेपट्या खाली जायला लागल्या तर मागे. दोन्ही एका रेषेत राहिल्या की तुम्ही डाव्या पायाच्या बरोबर मधोमध उभे आहात, तेही एका पायावर न तरंगता. दहा-पंधरा फूट घसरा, थांबा, पुन्हा. पहिल्या दिवशी वीस वेळा. घरी रोज भिंतीसमोर डावा गुडघा टेकवत राहा, टाच खाली ठेवून, दुखेल इतकं नाही.

आणि पाचर बसवल्यावर भिंतीचा आकडा नको, शेपटीचा आकडा इथे येऊन सांगा.